फणसातली फुलं

"एवढा फणस फोड आणि जा गं. कोण अडवतंय तुला?" कुसुमावतींनी सुनेच्या तळहातांवर स्वतः गोडेतेल चोळलं. प्रेमाने हं, अगदी प्रेमाने!

हर्षदाची अकरा वाजता वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. चुकली तर वर्ष गेलं. कॉलेज जव्हारच्या दुसऱ्या टोकाला, चालत जायचं तर अर्धा तास. गाडीवर सोडणार होता तो नवरा, सुशील, पण त्याला आईने बर्फ आणायला पिटाळलं होतं. नणंद प्रांजल नवी साडी नेसून दाराशी उभी. तिला बघायला मोखाड्याची मंडळी येणार, तेव्हा तिच्या हाताला चीक लागता कामा नये. मग राहिलं कोण?

हर्षदा गरे काढता काढता पुटपुटत होती. एका फुलाचा एक आंबा, साधं फळ. एकाच फुलातून फळांचा घोस, ते सीताफळ.

"आणि हा?" प्रांजलने विचारलं.

"हा संयुक्त. शेकडो फुलं एकमेकांना चिकटून वाढतात आणि सगळ्यांचं मिळून एकच फळ होतं. जे फूल फळलं, त्याचा गरा."

"मग मधले हे धागे?"

"न फळलेली फुलं. जातील कुठे बिचारी? आतच राहतात."

कुसुमावतींनी ते धागे गोळा केले आणि गाईच्या बादलीत टाकले.

फणस संपला. हर्षदा हात धुवायला उठते, तोच सासूबाईंनी दुसरा आणून पुढ्यात ठेवला. "तुझ्या हातचे गरे कसे अख्खे निघतात! मला मेलीला नाही जमत." हर्षदाला रडू फुटायचंच बाकी होतं. सासू खेकसली असती तर भांडता तरी आलं असतं. कौतुकाशी कोण आणि कसं भांडणार?

फोन वाजला. हर्षदाचे हात चिकाने बरबटलेले, म्हणून प्रांजलने तो तिच्या कानाला लावला. कॉलेजातून मैत्रीण शलाका ओरडत होती, "कुठे तडमडलीस? टेबलावर फळं मांडून झालीत, तुझा नंबर पुकारला. सर म्हणतात, पाच मिनिटं थांबतो!"

"आलेच," म्हणत हर्षदाने दाराकडे पाहिलं. सुशीलचा अजून पत्ता नव्हता.

प्रांजलने फोन बाजूला ठेवला आणि हळूच म्हणाली, "वहिनी, मोखाड्याचे लोक म्हणालेत, लग्नानंतर खुशाल शिकू देऊ. तुलाही असंच सांगितलं होतं?"

"अगदी असंच."

"मग?" ताटल्या पुसता पुसता कुसुमावती हसल्या. "शिकू देतोच आहोत की!"

दारात गाडी थांबली. सुशील नव्हता, पाहुणे होते. प्रांजल नव्या साडीनिशी वहिनीशेजारी फणसापुढे खाली बसली, ती आईने तीनदा हाक मारली तरी उठेना.