चार बटणं

"चांदी नाय मोठीमाय, पितळ हाय!" बद्रीनाथनं मातीचं ढेकूळ हातात फोडलं आणि तोंड वाकडं केलं.

कन्नडजवळच्या नदीकाठच्या वावरात तो सकाळपासून यंत्र फिरवीत होता. मातीखाली धातू असला की यंत्र कुंई करायचं. निजामाचे रुपये घावतील म्हणून पठ्ठ्यानं ते वाळूजच्या दोस्ताकडून मागून आणलेलं. घावलं काय, तर एका तारेत ओवलेली चार बटणं!

त्याच्या चुलतीनं, बानाबाईनं, ती चिंचेच्या कोळानं घासली. काळपटपणा गेला. वर पगडी उमटली, खाली उर्दू अक्षरं.

"निजामाच्या पोलिसाची दिसत्यात," बद्रीनाथ म्हणाला. "कोटाची."

बानाबाईला ते सांगायची गरजच नव्हती. लग्न झाल्यावर असली बटणं तिनं रोज घासली होती. घासायच्या आधी तिचा नवरा सोनाजी ती कोटातून काढायचा आणि अशीच तारेत ओवून द्यायचा. एक जरी हरवलं तर जमादार सालटं काढतो, म्हणायचा.

"त्येंचीच हायती रं," ती म्हणाली आणि तार पदरात घेतली.

पुलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज बुडालं, तेव्हा त्या कोटातला माणूस दिसला की लोक चवताळून अंगावर जायचे. सोनाजीला ह्याच वावरात गाठलं, ठेचलं आणि पुरात लोटून दिलं. बानाबाईच्या धाकट्या बहिणीनं, राजाबाईनं, तुरीत लपून ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मढं काही मिळालं नाही. बानाबाईनं बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. पण ज्याची माती झाली नाही त्याचं रडणं सरतंय कुठं? चाळीस वर्षं तो काटा काळजात सलत होता.

राजाबाई आज बांधावरच बसली होती. कपाळभर कुंकू. पुलिस ॲक्शननंतर ती सुरतेला कामाला गेली आणि तिथंच तिनं लगीन केलं. बहिणीकडं दरसाल यायची, पण नवऱ्याविना. नवरा गिरणीत, त्याला म्हणे सुट्टीच मिळत नव्हती. गावानं काही त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"आक्का, नदीत सोडून दे ती," राजाबाई म्हणाली. "मेलेल्याच्या वस्तू घरात ठिवू नाय."

"नदीत का म्हणून? पैठणला नेते. आता हीच त्येंची हाडं," बानाबाई म्हणाली. "राजे, तू पाहिलंस म्हणून कळलं तरी. नायतर वाट बघूनच मेली असते बग मी."

राजाबाईनं पदर तोंडाला लावला.

"कोटाला पाच असत्यात ना?" बद्रीनाथनं विचारलं.

"व्हय, पाचच. बघ की रं अजून. अर्धा माणूस कसा सोडू गंगेत?"

तो पुन्हा यंत्र फिरवू लागला. बानाबाई त्याच्यापुढं बसून खुरप्यानं माती उकरू लागली. वाकली की गळ्यातला काळा ताईत लोंबायचा. दागिना म्हणून अंगावर एवढंच. राजाबाईचा लेक बंसी तान्हा असताना त्याच्या करदोड्यात हा ताईत होता. आत दर्ग्यातला खडा. बंसीच्या बापानं आणलेला, काळ्या फडक्यात स्वतःच्या हातानं शिवलेला. एकदा न्हाऊ घालताना करदोडा तुटला आणि लेकरू नसलेल्या बानाबाईनं तो ताईत हट्टानं मागून घेतला. राजाबाईच्या लई जिवावर आलं होतं. "उसवू मातर नको गं, असर जातो," असं बजावून तिनं दिला.

यंत्र कुंई करून ओरडलं.

"घावलं गं बाई!" बानाबाईनं दोन्ही हातांनी माती उपसली. काही नाही. बद्रीनाथनं यंत्राची चकती बाजूला नेली, यंत्र गप्प. तिच्या गळ्याजवळ आणली, पुन्हा कुंई.

"मोठीमाय, तुझ्या ताईताला वरडतंय हे."

"येडा का खुळा तू? त्यात खडा हाय. दगडाला वरडतं व्हय कधी?"

"आक्का, नको!" राजाबाई बांधावरून धडपडत उठली. "असर जाईल गं!"

बानाबाईनं बहिणीच्या तोंडाकडं पाहिलं. मग तिनं ताईत गळ्यातून काढला आणि खुरप्याचं टोक टाक्यात घातलं. दोरा जुनाट, चटकन तुटला.

काळ्या फडक्यातून पाचवं बटण तिच्या तळहातावर पडलं.