उत्तरेकडची जाळी

सकाळी शेडचं दार उघडलं आणि विजयमालाचं डोकंच फिरलं. चार हजार कोंबड्या आजही उत्तरेच्या जाळीला छाती भिडवून उभ्या होत्या. दाण्याला एकीनेही चोच लावली नव्हती.

"खाद्य बदललंत का?" जनावरांचे डॉक्टर मुल्ला म्हणाले.

"महिना झाला. शेजारच्या कारखान्यातला चोथा घालतोय. सोयापेंडीपेक्षा प्रथिनं जास्त म्हणे."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्या कारखान्यात स्थलांतरी पक्ष्यांना दिशा दाखवणारं प्रथिन टाक्यांमध्ये वाढवत, वैमानिकांच्या औषधासाठी.

"पाहुणे पक्षी आता उत्तरेला परततात. तेच ह्यांच्या अंगात आलंय. चोथा थांबवा, होतील शांत."

जिवात जीव येऊन ती घरी आली. तडकलेली अंडी बाजारात जात नाहीत, म्हणून महिनाभर घरात सगळ्यांना रोज बुर्जीच होती. दोन वर्षांत उंबरा न ओलांडलेले सासरे मागच्या दारात टोपी घालून, काठी धरून, उत्तरेकडे बघत उभे होते.

"निघायचं ना, पोरी?"

'कुठं?' असं तिने विचारायला हवं होतं.

"थांबा आबा," ती चपला शोधत म्हणाली, "पाण्याची बाटली घेते."