सातवा रकाना

“सातवा रकाना याही वेळी कोरा,” साहेबांनी अर्ज टेबलावर टाकला. “काका, अकरावी खेप ना ही?”

“बारावी,” बाबा इतक्या अदबीनं म्हणाले, जणू मोजणी त्यांचीच चुकली होती.

शेजारच्या खुर्चीत लेक मान खाली घालून बसली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाहेरचे शिपाई बाबांना ‘काठीवाले’ म्हणत आणि दोघं जिना चढू लागली की एकमेकांना कोपरखळ्या मारत. आता पुरे, हे नाक घासणं थांबवा, असं ती किती वेळा म्हणाली होती. पण बाबा ऐकतील तर शपथ!

वाद्यं दुरुस्त करण्यात बाबांचा जन्म गेला होता. लढाईच्या काळात तेवढे ते सरकारी कारखान्यात कामाला होते. भुशानं माखून घरी येत आणि उरलेल्या लाकडाची खेळणी तिच्यासाठी आणत. लाकडावर टिचकी मारली की आत पोकळी किती, हे ते डोळे मिटून सांगत. त्या कानाच्या भरवशावर त्यांनी ही काठी बनवली होती. या काठीनं जमिनीवर बारीक ठोके द्यायचे. खाली लढाईत पुरलेला लाकडी सुरुंग असला की त्याच्या पोकळीच्या मापाला जुळवलेली मुठीतली तार थरथरे. त्या सुरुंगात लोखंड औषधालाही नव्हतं, त्यामुळे लष्कराची यंत्रं त्याच्यावरून खुशाल निघून जात. लढाई संपून नऊ वर्षं झाली, तरी नदीकाठची शेतं ओसाड होती.

लेकीचा डावा पाय त्यातल्याच एका शेतात गेला होता. त्या जागी बाबांनी घडवलेला लाकडी पाय होता, इतका बेतशीर की परक्याला पटकन कळतही नसे. बाबा हे सगळं आपल्यापायी करतात हे तिला ठाऊक होतं. अशा माणसाची आपल्याला लाज वाटते, याची तिला जास्त लाज वाटे.

“काठी खरी आहे,” साहेब या वेळी जरा नरमले होते. “परवा चाचणीत तिनं दाखवलेल्या चौदाही जागी सुरुंग निघाले. दुरूनच उडवावे लागले. पण वरचे विचारतात, आतल्या पोकळीचं इतकं नेमकं माप तुम्हाला मिळालं कुठून? सुरुंग उघडायला गेलेलं कुणी परत आलेलं नाही. सुरुंगाचे आराखडे जळाले, तो बनवणाऱ्याचं नाव गुप्त होतं. माहिती कुठून मिळाली, एवढं सातव्या रकान्यात लिहा. उद्या काठीच्या मंजुरीवर सही होईल. नाहीतर फाईल कायमची बंद.”

“कानानं कळतं,” बाबा पुटपुटले.

“हे मी वर कुठल्या तोंडानं सांगू?”

बाबांनी हातातली टोपी दोनदा फिरवली. मग ते लेकीकडे वळले. “बाळ, जरा पाणी आणतेस? घसा कोरडा पडलाय.”

सातवा रकाना निघाला की बाबांचा घसा हटकून कोरडा पडे. ती व्हरांड्याच्या टोकाला नळावर जाई आणि पेला घेऊन येईपर्यंत फाईल मिटलेली असे.

“मी नाही जात,” ती म्हणाली. “बाबा, कुणाला पाठीशी घालताय? कुणी चोरून माप दिलं असेल, तर टाका त्याचं नाव लिहून. गेल्या महिन्यात तो गुराखी गेला. अजून किती जायचेत?”

“तुला वाईट वाटेल गं.”

“मला? त्या माणसाचं मला काय सोयरसुतक?”

बाबा बराच वेळ तिच्या डाव्या बुटाकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन उचललं आणि एकच ओळ लिहिली. साहेबांनी हात पुढे केला होता, पण कागद त्यांनी लेकीसमोर सरकवला.

तिच्या लाकडी पायाच्या आतल्या बाजूला ज्या नेटक्या अक्षरात मापं लिहिली होती, त्याच अक्षरात रकान्यात लिहिलं होतं: हा सुरुंग मी बनवला.