चुलीचे तीन दगड

काचेचं झाकण बाजूला करून महापौरबाईंनी चुलीचे तीन काळे दगड सभागृहाला दाखवले. "आजी, शहरातली पहिली भाकरी याच चुलीवर भाजली. किती जिद्दीनं गाव वसवलंत, सांगा ना."

यल्लवाच्या हातात माइक जड झाला होता.

"जिद्द कसली, बाई. गावोगाव दगड फोडणारी माणसं आम्ही. धरणाच्या कामावर निघालो होतो, इथं बैल बसला. मालक म्हणले, सकाळी निघू. मुक्काम हलवताना चुलीचे दगड पाडायचे, ही आमची रीत. ते उभे असले तर माणसाचा पाय निघत नाही. रोज म्हणायचो, उद्या पाडू. अंगात त्राणच नसायचं. मग मागनं आणखी गाड्या आल्या, वस्ती झाली. मालक इथंच गेले. इथं येऊन साठ वर्षं झाली."

टाळ्या वाजल्या. महापौरबाई शाल घेऊन पुढं आल्या, तोवर यल्लवा चुलीपाशी पोचली होती. गुडघ्यावर हात टेकून ती वाकली आणि एकेक करत तिन्ही दगड तिनं आडवे केले.

मग शेजारी कुणी उभं असल्यासारखी हळूच म्हणाली, "मालक, जुंपा आता गाडी."