माफीच्या आधी

रझाकारांनी निवृत्तीचा भाऊ मारला होता. पोलीस ॲक्शन झाल्यावर त्या रागात निवृत्तीनं निरपराध दस्तगीरला मारून पुरलं. त्यानंतर गावातल्या चर्चचे पाद्री शांतवन दोन्ही घरांत समेट व्हावा म्हणून कित्येक वर्षं खेटे घालत राहिले. अखेर निवृत्ती चर्चमध्ये आला आणि दस्तगीरच्या बायकोपुढं, मदिनाबीपुढं, हात जोडून बसला. "चुकलो, भाभी. माफी द्या." "माफीचं नंतर बघू," मदिनाबी म्हणाली. "आधी ह्यांना कुठं पुरलं ते दाखवा." निवृत्ती उठला. तिघं त्याच्या शेतावर गेली. ज्वारी कणसाला आली होती. "हितंच कुठंतरी," निवृत्ती म्हणाला. "दरसाली नांगर फिरला. नेमकी जागा आता मलाबी कळंना." मदिनाबीनं बांधावर चपला काढल्या आणि ती ज्वारीत शिरली. पाद्रींनीही वहाणा काढल्या. निवृत्ती बांधावरच राहिला. स्वतःच्या शेतात पाऊल टाकायचा त्याला धीर झाला नाही.