जवसाची दोरी

"आता सांगतो ते एकालाबी खरं वाटणार न्हाई," मुंजाजी म्हणाला. "तुमी जी लाईन लावून बसलात ना, तो इंग्रजी शब्द जवसातून निघालाय. आपल्या चटणीच्या जवसातून."

बाकड्यावरची माणसं हसली. दिंद्रुडच्या स्टँडासमोर मुंजाजीच्या एसटीडी बूथवर सकाळपासून गर्दी होती. काचेच्या खोक्यात त्याची सून सत्यभामा रिसीव्हर कानाला लावून उभी होती. तिची आई सोलापूरला दवाखान्यात आहे, असं मुंजाजीनं आल्या-गेल्याला सांगितलं होतं. म्हणून कोणी कुरकुर करत नव्हतं.

त्र्याण्णव साल. मुंजाजीनं सगळी मेंढरं विकून हा बूथ टाकला होता. आणि आता रस्त्यापलीकडे किराणावाल्या शंकरप्पानं दुसरा काढला होता. तिथं पंखा, खुर्च्या, नवी पिवळी पाटी. गिऱ्हाईक एकदा रस्ता ओलांडून गेलं की परत यायचं नाही, हे मुंजाजीला पक्कं ठाऊक होतं.

"जवसातून? ते कावून?" भिवराबाईनं विचारलं. तिला पुण्यातल्या लेकाला फोन लावायचा होता.

"ऐक आक्का. परळीला रेल्वे यायच्या टायमाला एक गोरा सायब माप घ्यायला आल्ता. धर्मापुरीजवळ त्याची मापाची दोरी आमच्या मेंढरांनी खाल्ली. सायब रडकुंडीला. मग माझ्या आज्यानं जवसाच्या काडीचं सूत काढून दोरी वळून दिली. इतकी ताठ, की कावळा बसला तरी वाकंना. ती गेली तिथून रूळ गेले, ती रेल्वे लाईन. उरलेली गवंड्यानं भिंतीला धरली, ती लाईनदोरी. तिच्या कडंनं शिपायांची घरं बांधली, ती पोलीस लाईन. नारायणगडावर दर्शनाला माणसं तिला धरून उभी केली, ती ही आपली."

"आन् पोरं पोरींवर मारतेत ती?" बाकड्यावरून एकानं विचारलं.

"ती मेंढरांच्या पोटात गेलेली. म्हणून तर कुठंच पोचत न्हाई."

हशा पिकला. तेवढ्यात समोरून शंकरप्पानं हाक दिली, "मंडळी, या की इकडं! फोन मोकळा हाय. पंखाबी लावलाय."

दोघंजण उठले, चपला शोधू लागले.

"जावा, जावा," मुंजाजी म्हणाला. "पन सायबानं त्या दोरीपायी आमच्या आज्याला लंडनला नेल्तं, ते ऐकायचं राहील."

चपला पायात तशाच ठेवून दोघं परत टेकले.

रिटायर झालेले अर्जुनराव गुरुजी कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. "मुंजाजी, तुझा सायब खोटा. आजा खोटा. लंडन तर साफ खोटं."

माणसं खुशीत पुढं सरकली.

"पण जवस खरा आहे," गुरुजी म्हणाले. "लॅटिनमध्ये जवसाला 'लिनुम' म्हणत. त्याचा धागा तो 'लिनेआ'. तिथून लाईन. कुठल्याही मोठ्या डिक्शनरीत सापडेल."

खुद्द मुंजाजीचंच तोंड क्षणभर उघडं राहिलं. मग त्यानं मिशीवरून हात फिरवला. "मी तुमाला मघापासून काय सांगायलोय?"

त्यानंतर त्याचं काहीही खपू लागलं. आजा लंडनच्या राणीला जवसाची चटणी वाटून देऊन आला, तेही खपलं. आत सत्यभामानं मान हलवली, पदरानं डोळे टिपले.

"आईला जरा आराम पडलेला दिसतोय," मुंजाजी हळू आवाजात म्हणाला. "झालंच आता. बसा."

लोक बसले. समोर शंकरप्पा आपल्या पंख्याखाली एकटाच जांभया देत होता.

भिवराबाई मात्र उठली. काचेपाशी गेली, पदराची सावली करून आत पाहत राहिली. मग वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मुंजाजी भाऊ, सायब पटला, आजा पटला, राणीबी पटली. पन तुमची सून सकाळधरनं बोलायली, आन् मीटर शून्यावरच बसलाय. फोन मेलाय म्हणून सांगा की सरळ!"