परवलीचा शब्द

"थांब! परवलीचा शब्द सांग!"

"पतंग!" बर्फाच्या उतारावरून आवाज आला.

माझ्याकडचा शब्द 'हंडा' होता, अकरा दिवसांपूर्वीचा. तेवढ्या दिवसांत ही टेकडी तीनदा त्यांची झाली, चारदा आमची. नवा शब्द सांगायला मात्र वर कुणी आलं नाही.

"चुकलं. आपल्या पलटणीचा असशील, तर सुभेदारसाहेब घोरतात कसे?"

त्यानं घोरून दाखवलं. हुबेहूब.

"आचारी कुठला?"

"कऱ्हाडचा! डाळीत मीठ विसरतो! रंग्या, मुडद्या, गोळी घाल, पण प्रश्न पुरे!"

म्हादबा आमच्याच आळीतला. पहिल्या हाकेलाच मी त्याला ओळखलं होतं. पण वर आला, की तो आधी आपल्या धाकट्या भावाबद्दल विचारणार होता, आणि त्याच्यासकट इथं चढलेल्या आम्हा दहाजणांत मी एकटाच उरलो होतो.

"अजून एकच," मी ओरडलो. "तुझ्या म्हशीचं नाव काय?"